अडकलेला शोक: सोबत करणाऱ्यांना शिकवायचं कसं

प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला प्रोजेक्टर लावू नका. फळा घ्या, खडू घ्या आणि समोर बसलेल्यांना एकच गोष्ट विचारा: तुमच्या घरात कोणी गेलं तेव्हा भेटायला आलेले लोक काय काय बोलले?

मी वऱ्हाडात सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून काम करते आणि आशा, त्यांच्या गटप्रवर्तक, सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी), शाळेतले समुपदेशक, संस्थांचे कार्यकर्ते यांना शिकवते. कुठलाही गट घ्या, फळा दहा मिनिटांत भरतो. ‘देवाची मर्जी.’ ‘सुटला बिचारा.’ ‘तूच असं केलंस तर लेकरांकडं कोण पाहील?’ ‘आता तूच घरातला कर्ता.’ ‘एक गेला, एक तरी आहे ना.’ ‘रडू नको, त्याच्या आत्म्याला त्रास होतो.’ आणि लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून, ‘रडून घे, मोकळी हो.’ मग एकेका वाक्यापुढे विचारायचं, की ऐकणाऱ्याला काय वाटलं होतं? आणि हे बोलून बरं कोणाला वाटलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘बोलणाऱ्याला’ असं येतं. हे त्यांच्याच तोंडून यायला हवं. तुम्ही सांगितलंत तर वहीत उतरेल आणि तिथेच राहील.

या कामात नव्या माणसाला आडवी येते ती समोरच्याला लगेच शांत करण्याची घाई. माहिती कमी असणं हा त्यामानाने लहान अडथळा. म्हणून तीन दिवसांच्या प्रशिक्षणातला निम्म्याहून जास्त वेळ मी एकाच कौशल्याला देते: मरण कसं झालं हे विचारता येणं, ते पूर्ण ऐकता येणं, आणि ऐकताना आपली चुळबुळ आवरणं. उरलेल्या वेळात बाकी सगळं बसतं.

गट निवडताना

सोळा ते अठरा माणसं पुरे. वीसच्या वर गेलात की सराव होत नाही, भाषण होतं. खुर्च्या गोल, मध्ये टेबल नको. जेवणानंतरच्या तासाला सिद्धांत ठेवू नका, तो वेळ जोडीतल्या सरावाचा.

यादी पक्की करण्याआधी प्रत्येकाशी फोनवर बोला. गेल्या वर्षभरात घरात मृत्यू झाला आहे का, घरात कोणी आत्महत्या केली आहे का, हे स्पष्ट विचारा. ज्यांचं उत्तर ‘हो’ आहे त्यांना यायला मनाई करू नका. मात्र कोणत्या सत्रात काय होणार ते आधी सांगा, आणि उठून जाण्याची मोकळीक द्या. कोणी बाहेर गेलं तर त्याच्यामागे कोण जाणार हेही ठरलेलं असू द्या. आशाताईंच्या बाबतीत हा प्रश्न जास्त येतो, कारण गेलेला माणूस त्यांच्याच गावचा असतो, कधी भावकीतलाच असतो. शहरातल्या समुपदेशकाला संध्याकाळी दार बंद करून घरी जाता येतं. आशाताई त्याच पाणवठ्यावर जाते.

‘पाच पायऱ्या’ बाजूला ठेवा

गटात कोणीतरी एमएसडब्ल्यू किंवा बीए मानसशास्त्र असतंच, आणि ते नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार असं म्हणून दाखवतं. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये हे मांडलं ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवलं गेलं, आणि आता लोक विचारतात, ‘मॅडम, ती अजून रागातच आहे, पुढे कधी जाईल?’ ही शाळेची इयत्ता नाही. ते चार्ट काढून टाका.

त्याऐवजी मी नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलेली रीत सांगते. माणूस कधी दुःखात असतो, कधी उरलेल्या जगण्याच्या कामात, आणि या दोन्हींत जा-ये करत राहतो. ही जा-ये म्हणजेच निरोगी शोक. आमच्याकडे हे समजवायला फार लांब जावं लागत नाही. वैशाखात नवरा गेलेली बाई मृग लागला की कृषी केंद्रावर उभी असते, बियाण्याच्या बॅगेचा भाव करते, उधारी कोण देईल ते पाहते. रात्री त्याचा सदरा उशाशी घेऊन रडते. गाव म्हणतं, ‘हिला काही वाटत नाही.’ प्रशिक्षणार्थ्याला कळायला हवं, की तिचं दोन्ही बाजूंनी चाललंय, म्हणजे ठीक चाललंय. काळजी कोणाची करायची? जी महिनोन्‌महिने एकाच काठावर अडकली तिची. मग ती फक्त सदऱ्यापाशी बसलेली असो, की सदरा ज्या पेटीत आहे ती उघडतच नसो.

अवघड शोक म्हणजे नेमका कोणता

इथे थोडी नेमकी माहिती द्यावीच लागते. बहुतेक माणसांना समुपदेशकाची गरज पडत नाही. नातेवाईक, रीतीभाती, काम आणि काळ यांवर ती सावरतात. वर्गात हे आधी सांगा, नाहीतर प्रशिक्षण घेऊन गेलेला कार्यकर्ता गावातल्या प्रत्येक रडणाऱ्या माणसाचं नाव रजिस्टरला चढवतो.

काहींचा शोक मात्र अडकतो. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी यादी, म्हणजे आयसीडी-11, जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिच्यात दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाचं वेगळं निदान आहे. त्याची अट किमान सहा महिन्यांची, आणि तो शोक त्या समाजाच्या रीतीच्या बराच पलीकडे गेलेला हवा. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्येच आपल्या निदान-पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत ते घेतलं, तिथे मोठ्यांसाठी बारा महिने आणि मुलांसाठी सहा. गेलेल्या माणसाची अनावर ओढ किंवा सतत त्याचाच विचार हा त्याचा गाभा. सोबत आणखी काही: तो गेला यावर विश्वास न बसणं, आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, तीव्र वेदना किंवा उलट सगळं बधिर होणं, आपण कोण हेच हरवणं, माणसांत न मिसळणं, जगण्यात अर्थ नसणं, एकटेपण. यातली निदान तीन लक्षणं गेला महिनाभर जवळजवळ रोज हवीत, आणि त्यांनी रोजचं जगणं बिघडलेलं हवं.

आपल्याकडे वर्षश्राद्धाची एक सोय आहे. वर्ष झालं की घर मोकळं होतं, अडलेलं लग्नकार्य निघतं, लोक पुन्हा सणाला बोलावू लागतात. त्यामुळे मी आशाताईंना सांगते, तेरवीनंतर एकदा जा, सहाव्या महिन्यात जा, आणि वर्षश्राद्ध झाल्यावर महिन्याभराने नक्की जा. सगळे पांगलेले असतात आणि कोण अडकलंय ते तेव्हा दिसतं.

उदासीचा आजार आणि हा शोक यांत गल्लत होते. वर्गात एवढा फरक पुरतो: उदासीत मन सगळ्यावरूनच उडतं. शोकात ते एका माणसाभोवती फिरत राहतं, आणि त्याच्याबद्दल बोलताना चेहऱ्यावर क्षणभर उजेडही येतो. दोन्ही एकत्र असू शकतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांच्या 395 जणांवरच्या अभ्यासात उदासीवरच्या गोळीने शोक-उपचाराच्या (अडकलेल्या शोकावरच्या बोलण्याच्या उपचाराच्या) परिणामात भर पडली नाही, मात्र उपचारासोबत दिल्यावर उदासीची लक्षणं कमी झाली. ‘डॉक्टरनं गोळी दिली, आता होईल बरी’ असं म्हणून फाइल मिटवणाऱ्यांना हे ऐकवा. आणि चालू गोळ्या कोणालाही बंद करायला सांगू नका, ते आपलं काम नाही.

कोणाकडे आधी लक्ष द्यायचं? लेकरू गेलेले आईबाप. आत्महत्या, खून, अपघात. शव मिळालंच नाही अशी घरं, पुरात वाहून गेलेला किंवा कामाला म्हणून गेलेला आणि परत न आलेला. 2020-21 ची कोरोनाची घरं अजूनही यात येतात: तोंड पाहिलं नाही, खांदा दिला नाही. आणि ज्यांच्या दुःखाला गाव दुःख मानत नाही ते. पोटातलं बाळ गेलेली बाई, सोडचिठ्ठी झालेली बायको, लग्नाशिवाय सोबत राहिलेली, समलिंगी जोडीदार. यांना भेटायला कोणी येत नाही. कोणी येतच नाही म्हटल्यावर आपल्या यादीतही ते येत नाहीत. म्हणून यादी गावाकडून घ्यायची नाही, स्वतः शोधायची.

जबाब आणि गोष्ट

आता मुख्य सराव. तिघांचा गट करा. एकजण समुपदेशक, एकजण घरची व्यक्ती, एकजण फक्त पाहणारा. चिठ्ठीवर प्रसंग लिहून द्या आणि तो बेतलेलाच असू द्या. खऱ्या घराची गोष्ट सरावाला वापरायची नाही, नाव बदलूनसुद्धा नाही. तालुक्याला ओळख लागायला वेळ लागत नाही.

समुपदेशकाला पहिली दहा मिनिटं सल्ला बंद. गेलेल्याचं नाव घ्यायचं, प्रश्न विचारायचा किंवा गप्प बसायचं, एवढंच चालेल. पाहणाऱ्याने फक्त खुणा करायच्या: कोण किती वेळ बोललं, समुपदेशकाने विषय कुठे बदलला. विषय बदलतो तो नेमका वेदनेच्या जागी, हे खुणांवरून दिसतं आणि मग वाद उरत नाही.

माझ्या चिठ्ठीत बहुधा अशी बाई असते जिच्या नवऱ्याने फवारणीचं औषध घेतलं. अशा घरी एक गोष्ट आधी समजून जायला हवं. तिने ती सकाळ आजवर कितीदा सांगितलेली असते. पोलिसांना जबाब दिला, तलाठ्याला सांगितलं, तहसीलमध्ये सांगितलं. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतरची सरकारी मदत एक लाखाची, त्यातले 30,000 हातात आणि 70,000 ठेवीत. ती मिळण्यासाठी आत्महत्या ‘पात्र’ ठरावी लागते. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज कुठल्या बँकेचं, थकलेलं होतं का, वसुलीचा तगादा होता का. म्हणजे तिच्या नवऱ्याचं मरण तिने प्रत्येक वेळी पुरावा म्हणून सांगितलं. ‘अपात्र’ असा शेरा पडला तर घरच्यांना वाटतं त्याचं दुःखच खोटं ठरवलं. गोष्ट म्हणून ते कोणी ऐकलेलंच नसतं.

सरावात चांगलं झालेलं संभाषण साधारण असं जातं:

‘ताई, सुधाकरभाऊ माणूस म्हणून कसे होते?’

‘कसे म्हंजे? चांगले होते.’

समुपदेशक गप्प. मनात दहापर्यंत आकडे.

‘हट्टी होते. चहा बशीतच लागे त्याइले. कपातला गोडच लागे नाही म्हणत.’

‘बशीतच.’

‘हो न. पावण्याच्या घरीबी. मले लाज वाटे.’ (हसते. मग पदर तोंडाला लावते.)

‘त्या दिवशी सकाळी काय काय झालं, ते सांगाल का? नको वाटलं तर कुठेही थांबू.’

‘पोलिसाईले सांगतलं न सारं.’

‘ते कागदासाठी. मला कागद करायचा नाही.’

‘त्या दिशी चहा नाही घेतला त्यायनं. मी म्हटलं बी नाही, घ्या म्हणून.’

इथे नव्वद टक्के शिकाऊ समुपदेशक तुटून पडतात: ‘ताई, तुमचा काही दोष नाही त्यात!’ वाक्य खरं आहे, पण वेळ चुकली. तिने दार किलकिलं केलं आणि आपण ते लावून घेतलं. ‘तुमचा दोष नाही’ हे तिने शंभरदा ऐकलंय आणि एकदाही पटलेलं नाही. इथे एवढंच म्हणायचं, ‘चहा घ्या म्हटलं नाही, हे मनात राहिलंय.’ आणि पुन्हा गप्प. ती पुढे जाईल. दोषाबद्दल बोलायचं आहेच, पण सगळी सकाळ सांगून झाल्यावर. त्या वेळी तिला काय माहीत होतं आणि आज काय माहीत आहे, हे दोन वेगळे दिवस आहेत, हे तिच्याच सांगण्यातून तिला दिसू द्यायचं.

रुमाल पुढे करू नका. त्याचा अर्थ ‘पुरे आता’ असा लागतो. पाण्याचा तांब्या हाताशी असू द्या, घ्यायचं ती घेईल. बाई बाईचा हात धरू शकते, तोही तिने पुढे केला तर. पुरुष कार्यकर्त्याने विधवा बाईच्या घरी एकट्याने जाऊ नये. यात तुमच्या मनातल्यापेक्षा तिच्या गल्लीचा प्रश्न आहे.

सासूचं काय

हा भाग बाहेरून आणलेल्या कुठल्याच अभ्यासक्रमात मला नीट सापडला नाही, म्हणून इथे जास्त लिहिते. एका घरात एक मरण झालं तरी शोक अनेक असतात, आणि ते एकमेकांशी भांडतात. सुनेचा नवरा गेला, सासूचा लेक गेला. सासू ओसरीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, ‘हिनंच टोचून टोचून घेतला जीव.’ सून आत ऐकत असते. कार्यकर्ता आला की तो सहसा सुनेच्या बाजूने उभा राहतो, कारण ती तरुण, तिला लेकरं, तिचा अर्ज भरायचाय. सासूला मग ‘त्रास देणारी म्हातारी’ म्हणून नोंदतात.

दोघीजणी जा. एक सुनेसोबत मागच्या अंगणात किंवा शेताच्या धुऱ्यावर, एक सासूशेजारी ओसरीवर, आणि दोघींनी तोच प्रश्न विचारायचा: तो कसा होता? सासू त्याच्या लहानपणापासून सुरू करेल, गोवर निघाला होता तिथपासून. ऐका. ज्या बाईला लेकाबद्दल कोणीतरी तासभर विचारलं, तिला सुनेला दोष देण्याची निकड थोडी कमी होते. नेहमी होते असं म्हणणार नाही. काही घरांत पैशाचा, जमिनीचा वाद खरा असतो आणि तिथे समुपदेशन कामाचं नसतं. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील, घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालचा संरक्षण अधिकारी लागतो. शोक आणि अन्याय यांत फरक करता येणं हेसुद्धा शिकवायचंच आहे.

मुलांबद्दल एवढंच: ‘बाबा गावाला गेले’ हे सांगू देऊ नका. पोर वाट पाहत राहतं, आणि शाळेत दुसरं पोर त्याला खरं सांगतंच. ‘बाबा वारले. त्यांचं शरीर चालायचं थांबलं. ते परत येणार नाहीत. तुझ्यामुळे झालेलं नाही,’ इतकं साधं, घरच्याच माणसाने, आपण शेजारी बसून. शेवटचं वाक्य विसरू नका. लहान मुलं हटकून स्वतःवर घेतात.

रीती माहीत हव्यात

दुसऱ्या दिवशी सकाळी गटाकडून एक मोठा कागद भरून घ्या: आपल्या भागात कोणाकडे काय करतात. सावडणं, दहाव्याला कावळा शिवण्याची वाट पाहणं, तेरवी. बौद्ध घरांतला जलदान विधी. मुस्लीम घरांत चाळिसावा, आणि विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. ख्रिस्ती घरांत महिन्याची मिसा. कोणाच्या घरी कधी जायचं, कधी जायचं नाही, हे यातून ठरतं. इद्दतीतल्या बाईला ‘घराबाहेर पडा, मन रमेल’ असा सल्ला देणारा समुपदेशक पुन्हा त्या घरात पाऊल ठेवू शकत नाही.

कावळा लवकर न शिवणं ही लहान गोष्ट वाटते. पण ‘त्याचा जीव कशात तरी अडकलाय’ असं चारचौघांत बोललं गेलं की ते घर वर्षानुवर्षं तो अर्थ शोधत बसतं. म्हणून दहाव्याला काय झालं होतं, हे मी आवर्जून विचारायला लावते. पितृपक्षात दुःख पुन्हा उसळतं, तेव्हा एक फेरी त्या पंधरवड्याच्या आधी ठेवा.

रीत आधार देते तशी जखमही करते. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं हे सगळं सगळ्यांसमोर, मरणाच्या पहिल्याच तासांत. पुढे अनेक बायका मरणाइतकीच ही घटना सांगताना अडखळतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव करून विधवांच्या या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याबद्दल परिपत्रक काढलं. गटातल्या गावकारभाऱ्यांना हे सांगा. पण घरात बसलेल्या बाईवर सुधारणा लादू नका. एखादीला स्वतःच मंगळसूत्र काढून ठेवायचं असतं, तेही तिचंच.

जिवाचा प्रश्न

‘मरावंसं वाटतं का?’ हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने वर्गात मोठ्याने, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, निदान पाच वेळा विचारलाच पाहिजे. पहिल्यांदा सगळे पुटपुटतात. ‘तसलं काही मनात येत नाही ना?’ असं विचारतात. त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आत्महत्या झालेल्या घरात दुसऱ्याचा धोका वाढलेला असतो, तेव्हा तिथे हा प्रश्न ऐच्छिक नाही.

उत्तर ‘हो’ आलं तर: कसं, कधी, साधन हाताशी आहे का, विचारा. एकटं सोडू नका. घरातल्या एका माणसाला विश्वासात घ्या. फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात किंवा शेजारच्या घरी हलवा, आणि ते हललेले स्वतः पाहा. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी संपर्क करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. प्रत्येकाने वर्गात तो एकदा लावून पाहायचा, म्हणजे ऐन वेळी पहिल्यांदा लावायची वेळ येत नाही. कोणाला ‘पोलीस केस होईल’ ही भीती असते. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला मानतो आणि उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो, हे सोप्या शब्दांत सांगता यायला हवं.

कोणी काय करायचं नाही

आशाताई आणि कार्यकर्ते यांचं काम: जाणं, ऐकणं, अडकलेल्याला ओळखणं, पुढे पोचवणं, आणि पुढे पोचवल्यावरही जात राहणं. मृत्यूनंतर लगेच सगळ्यांना गोळा करून ‘बोला, मन मोकळं करा’ असं एकाच बैठकीत उरकायचं नाही. अशी सक्तीची बैठक जागतिक आरोग्य संघटनेनेही नको म्हटली आहे. पहिल्या दिवसांत पाहा, ऐका, जोडून द्या, एवढंच.

पात्र समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ यांच्यासाठी पुढचा टप्पा वेगळा आणि वेगळ्या तारखांना घ्या. शिअर यांनी विकसित केलेला उपचार साधारण सोळा बैठकांचा. त्यात मृत्यूची घटना डोळे मिटून पुन्हा सांगणं, नंतर ती मुद्दाम बाजूला ठेवून दिवसातलं काही बरं करणं, टाळलेल्या जागी हळूहळू जाणं, गेलेल्याशी मनातल्या मनात संवाद करणं, आणि स्वतःच्या पुढच्या आयुष्याचं काही ठरवणं असतं. मूळ पद्धतीत सांगितलेलं रेकॉर्ड करून घरी ऐकायला देतात. आमच्याकडे मी ते करू देत नाही. घरात एकच मोबाइल, तो पोराच्या हातात. पुढच्या बैठकीत पुन्हा सांगून घ्यावं, वेळ जास्त लागला तरी.

टाळलेल्या जागांची यादी मात्र आपल्याकडे फार चांगली चालते. ज्या कृषी केंद्रातून तो डबा आणला ते दुकान, बँकेची पायरी, विहिरीजवळचा लिंब, गोठा. सगळ्यात कमी जड वाटणाऱ्या जागेपासून सुरुवात. पहिल्यांदा नुसतं वळणापर्यंत जायचं, सोबत आशाताई. जाऊन आल्यावर पाच मिनिटं बसून बोलायचं. घाईने पुढच्या जागेवर उडी नको.

हे सगळं देखरेखीशिवाय कोणी करू नये. तीन दिवसांचं प्रमाणपत्र कोणाला मानसशास्त्रज्ञ बनवत नाही. भारतीय पुनर्वसन परिषदेची, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी ही वेगळी, वर्षांच्या अभ्यासाची गोष्ट आहे, आणि ‘ग्रीफ थेरपिस्ट’ (शोकावर उपचार करणारे) अशी पाटी लावायला निघालेल्यांना हे तोंडावर सांगावं लागतं. मी सांगते. काही नाराज होतात.

नंतरचे महिने

प्रशिक्षण कसं झालं हे शेवटच्या दिवशीच्या फॉर्मवरून कळत नाही. त्यावर सगळे ‘उत्तम’ लिहितात, जेवणही उत्तम लिहितात. महिन्यातून एकदा केसवर बसा, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मीटिंगला जोडून, म्हणजे वेगळं भाडं पडत नाही. प्रत्येकाने एकच केस आणायची आणि सुरुवात अशी करायची: गेलेला माणूस कोण होता, त्याच्या तीन गोष्टी सांगा. ज्याला नाव आणि वयापलीकडे काही सांगता आलं नाही, त्याने अजून ऐकलेलं नाही. मग स्वतःबद्दल: कोणतं घर डोक्यातून जात नाही, झोप लागते का, कोणत्या घरी जायचं टाळलंत. टाळलेल्या घराचं नाव निघालं की पुढच्या फेरीला तिथे जोडीने पाठवा.

तिसऱ्या महिन्यात तोच तिघांचा सराव पुन्हा घ्या, नवी चिठ्ठी देऊन. पहिल्या दिवशीच्या खुणांचे कागद जपून ठेवलेले असतील तर शेजारी ठेवून फरक दाखवता येतो. प्रमाणपत्र तेव्हा द्या. ही तारीख पहिल्याच दिवशी सांगून टाका, आणि कापूस वेचणीत किंवा पल्स पोलिओच्या आठवड्यात ठेवू नका, निम्मा गट येत नाही.